घरी ओतलेल्या जिगला सुबक झालर: दशा बांधायच्या कशा?

गळकरी

नमस्कार मंडळी,

जिग, म्हणजे गळाला शिशाचं डोकं असलेलं मासेमारीचं आमिष, घरी करताना शिसं कसं वितळवायचं, साचा कसा तापवायचा, रंग कसा चढवायचा यावर आपल्यात पुष्कळ चर्चा झाली आहे. झालरीची वेळ आली की मात्र "मग स्कर्ट बांधा" एवढ्या एका वाक्यात सगळे उरकतात. घरचा जिग फसतो तो नेमका तिथे. डोकं गुळगुळीत, रंग झकास, आणि मानेशी दशांचा गुंता. एका बाजूला गच्च झुपका, दुसरीकडे शिसं उघडं. म्हणून हा धागा फक्त झालरीसाठी.

आधी शब्दांचं सांगतो. झालर म्हणजे स्कर्ट. तिच्यातल्या एकेका सिलिकॉनच्या तंतूला मी दशी म्हणतो, कापडाच्या काठाला सुटतात तशी. डोक्यामागे शिशाचाच जो अरुंद गोल भाग असतो, ज्यावर झालर बसते, ती मान. सिलिकॉन मिळतं ते पट्ट्यांमध्ये. एका पट्टीत वीसेक दशा, दोन्ही टोकांना एकमेकींना चिकटलेल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की झालर सुबक होते ती बांधताना. बांधताना वाकडी झालेली झालर कात्रीने सरळ होत नाही, फक्त आखूड होते. मी स्वतः सुरुवातीला हेच करत होतो. इकडून थोडं काप, तिकडून थोडं काप, आणि शेवटी गळाच्या निम्म्या दांडीपर्यंतच पोचणारा केविलवाणा गोंडा हातात उरायचा. असे कितीतरी जिग मी सोलून परत बांधले, तेव्हा चूक कुठे होते ते कळलं.

चूक धाग्याच्या ओढीत आहे. आपण धागा आपल्या बाजूने माथ्यावरून पलीकडे नेतो. ताण दिला की तो आपल्याखालच्या दशांनाही पलीकडे ढकलत नेतो. सिलिकॉन निसरडं, शिशावरचा रंगही निसरडा, त्यामुळे दशा सहज सरकतात. बोट काढून बघावं तर माथ्यावर ठेवलेला झुपका पलीकडच्या कुशीवर गेलेला असतो आणि आपल्या बाजूला टक्कल पडलेलं असतं.

त्यावर मी दोन गोष्टी करतो. पहिली, पूर्ण पट्टी एकदम लावत नाही. दोन पट्ट्या घ्यायच्या आणि प्रत्येकीचे कात्रीने उभे दोन भाग करायचे, म्हणजे दहा-दहा दशांचे चार गठ्ठे होतात. एक माथ्यावर, एक पोटाखाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. गठ्ठ्याची टोकं चिकटलेलीच ठेवायची, ती शेवटपर्यंत सोडवायची नाहीत. टोकं जोडलेली असली की दहा दशा एका फितीसारख्या वागतात, एकमेकींवर चढत नाहीत. आधीच कापून सुट्या केल्या तर त्या बोटांना चिकटतात, उडतात, पीळ घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे चिमटीतला वेढा. गठ्ठा मानेवर धरलेल्या अंगठा आणि तर्जनीतच धाग्याचा एक सैल वेढा घ्यायचा. चिमूट न सोडता धागा सरळ खाली ओढायचा. वेढा चिमटीच्या आतच आवळला जातो, त्यामुळे दशांना सरकायला जागा राहत नाही. तसाच दुसरा वेढा घ्यायचा आणि मगच बोटं उचलायची. त्यानंतर आणखी तीन घट्ट वेढे. प्रत्येक गठ्ठ्याला असे पाच वेढे देऊन मी पुढच्या गठ्ठ्याकडे जातो.

गठ्ठा नेमका मध्यावर बांधायचा नाही, हेही महत्त्वाचं. एक तृतीयांश पुढे डोळ्याच्या (दोर बांधायच्या कडीच्या) दिशेला आणि दोन तृतीयांश मागे ठेवा. पुढचा भाग नंतर मागे वळतो, धागा झाकतो आणि मानेभोवती फुलासारखा उभा राहतो. मागचा लांब भाग गळाच्या बाकावरून शेपटीसारखा जातो. अगदी मध्यावर बांधलं तर दोन्ही थर सारखे पडतात आणि झालर एखाद्या झाडूसारखी दिसते.

शेवटी गाठ. धागा स्वतःच्याच वेढ्यांखालून घ्यायचा, पाच-सहा वेळा, आणि मग ओढून कापायचा. त्यानंतर पट्ट्यांची टोकं कापायची. इथे एक निरीक्षण सांगतो. सगळ्या दशा एकत्र ताणून कापल्या तर सोडल्यावर त्या कमीजास्त आखडतात आणि टोकं आपोआप विस्कटलेली, जिवंत दिसतात. न ताणता कापल्या तर एका रेषेत येतात. मला पहिली पद्धत आवडते, पण ताण बेताचा हवा.

लांबी बाकाच्या मागे अर्धा ते एक सेंटीमीटर. त्याहून लांब ठेवली तर मासा नुसत्या दशा ओढून निघून जातो, गळापर्यंत तोंड पोचत नाही.

तुमच्या पद्धती सांगा. वेगळ्या असतील तर जरूर लिहा.

पाणकोंबडी

फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. दोन पट्ट्या म्हणजे चाळीस दशा झाल्या. विकतच्या जिगवर मला जास्त दाट झालर दिसते. चाळीस पुरतात का?

गळकरी

@पाणकोंबडी, पुरतात. मध्ये बांधल्यामुळे चाळीस दशांची ऐंशी टोकं होतात. गढूळ पाणी आणि जड डोकं असेल तर मी तीन पट्ट्यांपर्यंत जातो, म्हणजे साठ. पाणी नितळ आणि थंड असेल तर तीस दशाही खूप झाल्या. मासा सुस्त असताना मोठा पसारा नको.

आणि दाटीचा वजनाशी संबंध आहे. झालर जितकी दाट तितका जिग हळू बुडतो. सात ग्रॅमच्या डोक्यावर साठ दशा लावल्या तर तो छत्रीसारखा तरंगत खाली येतो. कधी कधी तेच हवं असतं. पण तळाशी टोचून धरायचा असेल तर चौदा ग्रॅमचं डोकं घ्या, नाहीतर दशा कमी करा.

तांबडी तार

गळकरी, गठ्ठे करायची कल्पना छान आहे, पटली. धाग्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तांब्याची तार वापरते. सव्वीस गेजची, म्हणजे साधारण ०.४ मिमी, वरचं लाखेचं आवरण नसलेली, मऊ. धागा कितीही घट्ट केला तरी गाठ बांधेपर्यंत हात सैल झाला की तो थोडा परत येतो. तार परत येत नाही. जिथे वाकवाल तिथे राहते.

पद्धत अशी. बारा सेंटीमीटरचा तुकडा घ्या. चारही गठ्ठे आधी एका सैल रबरी कड्यात ओवून मानेवर बसवा आणि बोटांनी गोल फिरवून सगळीकडे सारखे करा. रबरी कडं इथे फक्त तात्पुरता मदतनीस. मग कड्याच्या अगदी मागे तारेचे दोन वेढे द्या, शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढवता. दोन्ही टोकं पोटाच्या बाजूला आणा आणि पकडीने धरून बाहेर ओढत ओढत पीळ द्या. नुसता पीळ दिला तर तार तुटते आणि नुसती ओढली तर आवळत नाही. ओढ आणि पीळ एकाच वेळी हवेत. तीन-चार पीळ बसले की तार मॅट दिसू लागते. तिथे थांबा, पुढचा पीळ तुटण्याचा. मग तीन मिलीमीटर ठेवून बाकी कापा आणि ते टोक पकडीच्या नाकाने मानेलगत दाबून दशांमध्ये लपवा. शेवटी रबरी कडं कापून काढा.

टोक दाबायला विसरू नका. वर राहिलेलं टोक बोटाला लागतं, आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) त्यावर घासला तर मासा लागलेला असताना तुटतो. माझा एक चांगला मासा असाच गेला. नंतर तंगुसाचं टोक पाहिलं तर कापल्यासारखं स्वच्छ नव्हतं, कुरतडल्यासारखं होतं. तेव्हापासून प्रत्येक जिगवरून कापसाचा बोळा फिरवून बघते. कापूस अडकला तर टोक वर आहे.

निळा बगळा

मी या छंदात नवीन आहे. हा धागा वाचून गेल्या आठवड्यात पाच जिग बांधले. प्रत्येकात काही ना काही बिघडलं. कृपया मार्गदर्शन करा.

मी शिवणयंत्राचा साधा बारीक धागा वापरला. गठ्ठे सांगितल्याप्रमाणे चार केले. बांधून झाल्यावर सुटू नये म्हणून वेढ्यांवर पातळ सुपरग्लूचे तीन-चार थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मानेजवळच्या दशांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली आणि दशा पहिल्या सेंटीमीटरभर काड्यांसारख्या ताठ झाल्या.

पाण्यात सोडल्यावर पाचपैकी तीन जिग डावीकडे कलतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्याच दिवशी गरवताना दशा तुटून यायला लागल्या, त्याही टोकाशी नाही, बरोबर बांधणीच्या जागी. सोडवून पाहिलं तर धाग्याखाली प्रत्येक दशीवर बारीक चीर होती.

गळकरी

@निळा बगळा, चीर नेमकी कुठे पडली हे पाहून लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

दशा तुटण्याचं कारण धागा. सिलिकॉन ताणलं तर खूप ताणलं जातं, पण एकदा त्याला बारीक चीर पडली की ती चीर झटकन पुढे पळते. बारीक आणि कडक धागा जोरात आवळला की तो सुरीसारखा रुततो. धागा बारीक असेल तितका त्याचा दाब कमी जागेवर पडतो. चपटा, मेण लावलेला नायलॉनचा धागा घ्या. तो वेढ्यात आडवा पसरतो आणि दशांना दाबतो, कापत नाही. तो मिळत नसेल तर दात साफ करायचा मेणाचा फ्लॉसही चालतो. फक्त निसरडा टेफ्लॉनचा फ्लॉस घेऊ नका, त्याची गाठ टिकत नाही. शिवणाचा धागा सुती असेल तर तो ओला राहून कुजतोही.

पांढरी पूड हा सुपरग्लूचाच दोष. त्याची वाफ आसपास बसते आणि पांढरी होते. आणि पातळ सुपरग्लू दोन दशांच्या फटीतून वातीत तेल चढावं तसा पुढे सरकतो आणि तिथे वाळून कडक होतो. खरं म्हणजे सिलिकॉनला तो नीट चिकटतही नाही, म्हणजे फायदा नाहीच, नुसता ताठरपणा. गोंद हवाच असेल तर घट्ट, जेलसारखा घ्या आणि सुईच्या टोकावर घेऊन फक्त धाग्यावर लावा. थेंब सोडू नका.

कलण्याबद्दल मला एक विचारायचं आहे. टक्कल कुठल्या बाजूला आहे? आणि वीडगार्ड (गवतात गळ अडकू नये म्हणून डोक्यावर बसवतात तो ताठ तंतूंचा झुपका) लावलं आहे का?

निळा बगळा

उजव्या बाजूला टक्कल आहे, म्हणजे धागा गुंडाळताना माझ्याकडे असणाऱ्या बाजूला. वीडगार्ड आहे. बांधताना मध्ये येत होतं म्हणून मी ते डावीकडे वाकवून धरलं होतं.

रेशीमगाठ

मध्येच बोलतो, कारण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी मूळचा माशा बांधणारा, म्हणजे पिसं आणि लोकर गळावर बांधून कृत्रिम माशी करणारा. जिगकडे नंतर वळलो.

बगळा, तुमचे दोन दोष एकत्र आले आहेत. धाग्याच्या ओढीने दशा पलीकडे गेल्या. त्यात वीडगार्ड डावीकडे वाकवल्यामुळे त्या बाजूचा गठ्ठा त्याच्या मुळाला अडून वर चढला. पुढच्या वेळी वीडगार्डचे सगळे तंतू एकत्र करून पुढे डोळ्याच्या दिशेला वाकवा आणि छोट्या रबराने डोळ्याशी बांधून ठेवा. झालर झाली की रबर काढा. आणि त्याची लांबी झालर बांधून झाल्यावरच कापा, गळाच्या टोकाच्या किंचित वर राहील इतकी.

तपासायची सोपी रीत सांगतो. काचेच्या उंच बरणीत पाणी घ्या, तंगुसाला जिग बांधून आत सोडा आणि समोरून व बाजूने बघा. झालर पाण्यात उघडते तेव्हाच तिचा खरा आकार दिसतो, हातात कोरडी असताना दिसत नाही. कलत असेल तर कुठली बाजू रिकामी आहे ते लगेच कळतं.

आता गळकरी, तुमच्या पद्धतीतल्या एका गोष्टीवर मला आक्षेप घ्यायचा आहे. चिमटीतला वेढा अगदी बरोबर, माशा बांधताना पहिला धडा तोच असतो. पण तुम्ही प्रत्येक गठ्ठ्याला पाच वेढे देता, त्यातले तीन घट्ट. चार गठ्ठ्यांचे वीस वेढे झाले. त्यात पहिल्या गठ्ठ्यावरच्या घट्ट वेढ्यांचा उंचवटा तयार होतो आणि पुढचे गठ्ठे त्या उंचवट्यावर बसतात. निसरड्या टेकडीवर ठेवल्यासारखे ते एका उतारावर घसरतातच. शिवाय मान जाड होते आणि पुढच्या दशा काटकोनात उभ्या राहतात, मागे वळत नाहीत. तुमच्या झालरी फुलतात हे खरं, पण त्यातलं काही फुलणं त्या उंचवट्यामुळे आहे असं मला वाटतं.

मी प्रत्येक गठ्ठ्याला फक्त दोन मऊ वेढे देतो, धरून ठेवण्यापुरते. चारही बसले, बोटाने फिरवून सारखे केले, की मगच घट्ट वेढे, आणि तेही पाच-सहाच. मऊ वेढ्यांत चूक सुधारता येते, घट्ट वेढ्यांनंतर नाही. अजून एक. गठ्ठा मानेच्या बरोबर माथ्यावर न ठेवता केसभर आपल्या बाजूला ठेवा. धाग्याची ओढ त्याला पलीकडे नेणारच आहे, तर तिनेच त्याला माथ्यावर आणून सोडावं.

गळकरी

रेशीमगाठ, उंचवट्याचा मुद्दा मी कधी लक्षात घेतला नव्हता. माझे जिग आता बाजूने धरून पाहिले. मानेवरचं धाग्याचं कडं डोक्याच्या रुंदीबाहेर येतंय खरं. आज रात्री तुमच्या पद्धतीने तीन बांधतो आणि कळवतो.

जुनी गरी

चर्चा आवडली. सगळे सिलिकॉनबद्दल बोलताहेत, म्हणून जुन्या रबराची बाजू मांडतो.

सिलिकॉन यायच्या आधी झालरी नैसर्गिक रबराच्या असत. रबराची घनता पाण्याहून जराशी कमी, साधारण ०.९२. सिलिकॉनची पाण्याहून जास्त. याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. जिग तळाशी स्थिर ठेवला की सिलिकॉनच्या दशा हळूहळू खाली टेकतात. रबराच्या दशा मात्र वर उचललेल्या राहतात आणि पाण्याच्या बारीकशा हालचालीवर डुलतात. दगडांत लपून बसणाऱ्या, पुढ्यात आलेलंच खाणाऱ्या माशासाठी मी अजून रबरच वापरतो.

त्याचे तोटेही सांगतो. ऊन आणि उष्णता रबराचे शत्रू. डबा उन्हात राहिला तर दशा एकमेकींना चिकटून लगदा होतो. मी टाल्कम पावडर लावून अंधाऱ्या डब्यात ठेवतो. सिलिकॉनला एवढे लाड लागत नाहीत, आणि त्यावर ठिपके, चमक छापता येते.

बांधणीत फरक असा की रबराची दशी जाड आणि धरून बसणारी असते, ती सरकत नाही. नवख्याने पहिल्या दोन-चार झालरी रबराच्या बांधून हात बसवावा असं मला मनापासून वाटतं. निळा बगळा, जमलं तर करून बघा.

पाणकोंबडी

मी आतापर्यंत रबरी कड्याची तयार झालरच वापरत आले. कडं ताणायची चिमट्यासारखी पकड माझ्याकडे नव्हती, तर पेनाची रिकामी नळी कापून वापरते. कडं नळीवर चढवायचं, दशा नळीतून ओवायच्या, मध्यावर आल्या की कडं नळीवरून दशांवर सरकवायचं. पाच मिनिटांत रंग बदलता येतो. तुम्ही सगळे धागा आणि तारेचं म्हणताय, कड्यात एवढं काय वाईट आहे?

तांबडी तार

@पाणकोंबडी, वाईट काही नाही. रंग बदलून बघायचे असतील तर कड्यासारखं दुसरं काही नाही, आणि नळीची युक्ती मस्त आहे. फक्त कडं हेही रबरच. वर जुनी गरी यांनी लिहिलं तसंच ते उन्हाने सुकतं, भेगाळतं. मग एखाद्या दिवशी गवतातून जिग ओढताना पूर्ण झालर मानेवरून उतरून गळाच्या बाकावर जाऊन बसते. मी कड्यातली झालर पाण्यावर रंग ठरवायला वापरते, आणि जो रंग चालतो तो घरी येऊन तारेने पक्का बांधते.

मान नीट नसेल तर मात्र तारही घसरते. साच्यात शिसं पूर्ण न भरल्यामुळे मानेची मागची कड अर्धवट राहिली असेल, तर तो जिग झालरीला घेऊ नका. परत वितळवा. त्यावर केलेली मेहनत वाया जाते.

संथ डोह

रंगाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडं लिहिते. गठ्ठ्यांची पद्धत वापरली की रंगांची जागा आपल्या हातात येते. माथ्यावर गडद तपकिरी-हिरवा, पोटाखाली फिका किंवा किंचित केशरी, बाजूंना दोन्हींचं मिश्रण. क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) वरून आणि खालून वेगळा दिसतो, तसं. उठावासाठी वेगळा रंग हवा असेल तर चार-सहा दशा पुरतात. त्या प्रत्येक गठ्ठ्यात वाटून नका टाकू, हरवतात. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा एकत्र ठेवल्या तर जिग हलताना लुकलुकतात.

एक प्रश्न आहे. मी शिसं सोडून बिस्मथ-कथील मिश्रण वापरायला सुरुवात केली आहे. कमी तापमानाला ओतता येतं आणि घरात लहान मुलं आहेत. पण पावडर पेंट भट्टीत भाजायला ठेवला आणि डोकी चक्क वाकली. असं का व्हावं?

गळकरी

@संथ डोह, ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील या मिश्रणाचा वितळबिंदू १३८ अंश सेल्सियस आहे. पावडर पेंट भाजतात साधारण १७५ ते १८० अंशांना. तुमची डोकी भट्टीत वितळायला लागली होती. शिशाला ही अडचण येत नाही कारण ते ३२७ अंशांना वितळतं. तुम्ही हवेत वाळणारा विनाइल रंग वापरा, दोन-तीन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच झालर बांधा. रंग ओलसर असेल तर धाग्याचे वेढे त्यात रुततात आणि नंतर रंगासकट सोलून येतात.

मुलांचा विषय निघाला म्हणून शिसं वापरणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती. झालर बांधताना धागा किंवा जिग दातात धरू नका. हात भरलेले असले की ही सवय लागते, मलाही होती. न रंगवलेल्या शिशाचा अंश तोंडात जातो. काम झालं की साबणाने हात धुवा, आणि टेबलावरचा चुरा फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

निळा बगळा

अहवाल देतो.

चपटा नायलॉनचा धागा आणला. वीडगार्ड पुढे वाकवून रबराने बांधलं. रेशीमगाठ यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गठ्ठ्याला दोन मऊ वेढे, केसभर माझ्या बाजूला ठेवून. पहिल्या जिगवर माथ्याचा गठ्ठा तरी पलीकडे गेला, कारण मी चिमूट लवकर सोडली. मऊ वेढे होते म्हणून बोटाने परत ओढून आणता आला. दुसऱ्यावर चिमूट दोन्ही वेढे होईपर्यंत धरली आणि गठ्ठा जागचा हलला नाही. तो क्षण मला फार आवडला. बोटं उचलली आणि दशा होत्या तिथेच होत्या.

गोंद अजिबात लावला नाही. गाठ धाग्याखालून सहा वेळा घेतली. दशांचा एक झुपका धरून जोरात ओढून पाहिला, काही हललं नाही.

बरणीत सोडल्यावर दुसरा आणि तिसरा जिग सरळ उभे राहिले. पहिला अजून थोडासा कलतो. त्याचं काय करू?

रेशीमगाठ

छान काम केलंत. पहिला सोडवू नका. दाट बाजूच्या दोन-तीन दशा मुळाशी धरून एकेक उपटून काढा, कात्रीने कापू नका. कापली तर बुंधा राहतो आणि शेजारच्या दशांना ढकलतो. एक काढली की बरणीत बघा, मग दुसरी. दोन-तीन दशांनीही फरक पडतो.

निळा बगळा

तीन काढल्या. सरळ झाला!

तांबडी तार

निळा बगळा, अभिनंदन. एक सुचवते. कात्री केस कापायची, धारदार घ्या. बोथट कात्री दशीला चावते, आणि गळकरींनी सांगितलेली चीर तिथूनच पळते. तुमच्या आधीच्या जिगांवर टोकांशी दशा फाटलेल्या असतील तर कारण तेच असावं.

जुनी गरी

आणि डब्यात ठेवताना पूर्ण कोरडे करून ठेवा, एकावर एक दाबून नको. ओले ठेवले तर गळ गंजतो आणि त्या गंजाचे डाग फिक्या दशांवर बसतात. मऊ प्लास्टिकचं आमिष मागे लावत असाल तर ते काढून वेगळं ठेवा. त्यातलं तेल पाझरतं आणि छापील दशांचा रंग शेजारच्या दशांना लागतो.

गळकरी

तीन जिग बांधून झाले, मग दुसऱ्या दिवशी आणखी चार बांधले, नीट खात्री करायची होती म्हणून.

रेशीमगाठ यांचं म्हणणं बरोबर आहे. दोन मऊ वेढे आणि शेवटी सहा घट्ट, एवढ्यात मानेवरचं कडं डोक्याच्या रुंदीच्या आत राहतं. माझी शंका होती की पुढच्या दशा आता फुलणार नाहीत. त्या काटकोनात उभ्या राहत नाहीत हे खरं. पण पाण्यात जिग थांबला की त्या आपण होऊन उघडतात आणि ओढला की मागे मिटतात. आधी त्या नुसत्या उघड्याच राहायच्या, मिटायच्याच नाहीत. हा फरक मला बरणीतच दिसला.

झुपका धरून ओढायची चाचणी तारेवर आणि धाग्यावर दोन्हींवर केली. तार थोडी सरस, पण सहा वेळा घेतलेल्या गाठीचा धागाही पुरेसा आहे. तेव्हा ज्याला जे हाताला बसेल ते.

मूळ लेखातला "प्रत्येक गठ्ठ्याला पाच वेढे" हा भाग काढून तिथे नवी पद्धत लिहितो आहे. वीडगार्ड पुढे बांधून ठेवणं, काचेच्या बरणीतली तपासणी आणि जादा दशा मुळाशी उपटणं हेही त्यात घालतो. तारेची कृती तांबडी तार यांच्या प्रतिसादात आहे तशी वाचावी, त्यात मी काही बदलत नाही.